राखून ठेवलेली सवड

मावळातील नवलाख उंबरे या गावातून मुंबईला जायचे म्हटले, तर नुसते गाडीत बसून भागत नाही. इंद्रायणी ओलांडून आधी तळेगाव किंवा वडगाव गाठावे लागते, एस.टी. मिळाली तर एस.टी.ने, नाही तर रिक्षाने किंवा शेजारच्या कोणाच्या दुचाकीवरून. तेथून पुणे-लोणावळा लोकल. मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक जलद गाड्या वडगावला किंवा कान्ह्याला थांबत नाहीत, तळेगावलाही मोजक्याच थांबतात. म्हणून एक तर उलटे पुण्याकडे जाऊन गाडी पकडायची, नाही तर पुढे लोणावळ्याला जाऊन तिची वाट पाहायची. लोणावळा ते कर्जत या घाटात लोकल नाही. विद्यापीठाचे शहर आणि राज्याची राजधानी यांना जोडणारा १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग गावापासून इतका जवळ असूनही राजधानीला पोहोचायचे तर तीन-चार वेळापत्रके एकमेकांशी जुळवावी लागतात. ही जुळवाजुळव आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, घरातल्या सगळ्यांच्या साक्षीने चालते.

नवलाख उंबरे या नावाचा उगम काहीही असो, ते कानावर पडताच त्यात उंबरठा ऐकू येतो. आणि उंबरठा ओलांडण्याआधी माणूस काय विचार करतो, हाच या लेखाचा विषय आहे. उद्याच्या प्रवासाची आखणी ही वरवर पाहता निव्वळ सोयीची बाब. तिच्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कोणी विचारील. प्रवासातील नीती म्हटली की आपल्याला गाडीतले प्रसंग आठवतात: तिकीट काढले की नाही, वृद्धाला जागा दिली की नाही, खिडकीतून कचरा टाकला की नाही. घरी बसून गाड्यांच्या वेळा जुळवताना आपण पापही करीत नाही आणि पुण्यही, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. प्रवासात आपण कोणाशी कसे वागणार, याचा बराचसा निर्णय आदल्या रात्रीच, त्या आखणीत होऊन गेलेला असतो, असे मला वाटते.

मिनिटांची आखणी ही तशी अलीकडची गोष्ट आहे. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये झाला. त्यानंतरही पुण्याहून मुंबईला निघालेला माणूस दिवसांच्या हिशेबाने निघत असे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच होता. पुढची पाच वर्षे प्रवासी पुण्याहून गाडीने खंडाळ्यास येत, तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट उतरत आणि खोपोलीस दुसऱ्या गाडीत बसत. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि काही ठिकाणी सदतीस फुटांत एक फूट असा चढ. त्या दिवसापासून पुणे आणि मुंबई यांच्यामधले अंतर मिनिटांत सांगता येऊ लागले.

हे अंतर कमी होण्याची गरजही मोठी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १९४९ मध्ये पुण्याचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू होईपर्यंत पुण्यातील महाविद्यालये त्या राजधानीतल्या विद्यापीठाशीच जोडलेली होती. आजही मंत्रालय मुंबईत आहे, उच्च न्यायालय मुंबईत आहे आणि परळचे टाटा रुग्णालयही मुंबईत आहे. मावळातला माणूस राजधानीला सहसा हौसेखातर जात नाही. कसले तरी काम, कसली तरी काळजी त्याला तिकडे नेते.

मिनिटांचा हिशेब करायचा तर सर्वांचे घड्याळ एक असावे लागते. पूर्वी तेही नव्हते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत असे आणि मुंबई शहर आपल्या सूर्याच्या वेळेने. १९०६ मध्ये देशभरासाठी प्रमाणवेळ ठरली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईच्या महापालिकेने आपली जुनी वेळ तरीही १९५५ पर्यंत सोडली नाही. वेळापत्रक हे अनेक अनोळखी माणसांनी मिळून दिलेले एक वचन असते, हे यावरून ध्यानात यावे. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते, असे आपण सहज म्हणतो. त्या वाक्यामागे चालक, स्थानकप्रमुख, सिग्नल सांभाळणारे, रात्री कंदील घेऊन रूळ तपासणारे असे असंख्य लोक उभे असतात. त्यांच्या शब्दावर विसंबून आपण आपला दिवस आखतो.

येथे एक जुनी शंका उभी राहते. संत याकोबाने आपल्या पत्रात काही व्यापाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. अमक्या नगरात जाऊ, तेथे वर्षभर व्यापार करू, नफा मिळवू, असे बेत ते आखीत होते. माणसाला उद्याची शाश्वती नाही, याची आठवण देऊन त्यांनी प्रत्येक बेत देवाच्या इच्छेवर सोपवावा, असे तो बजावतो. मग साठ दिवस आधी तिकीट राखून ठेवणारे आपण त्या व्यापाऱ्यांच्याच रांगेत बसतो काय?

बोरघाटाच्या इतिहासातच याकोबाच्या शब्दांचे एक ठळक उदाहरण आहे. घाटातील कामाचा ठेका १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज ठेकेदाराकडे आला. तो मोठे बेत घेऊन भारतात उतरला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार अभियंत्यांवर देखरेख सोपवून तिने ते काम तडीस नेले. त्याच घाटात पटकीने, तापाने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. पुढच्या आठवड्याची मजुरी, घरी पाठवायचे पैसे, पावसाळ्याआधी गावी परतणे असे बेत त्यांचेही असतीलच. आज आपण जी मिनिटे मोजतो, ती त्यांच्या तुटलेल्या बेतांवर उभी आहेत.

तथापि, याकोबाचा रोख आखणीवर नसून आखणीच्या गर्वावर आहे. ख्रिस्ती परंपरेने दूरदृष्टीला दोष कधी मानलेले नाही. संत थॉमस अक्वायनसने विवेक या सद्गुणाचे घटक सांगताना पुढचे पाहण्याच्या शक्तीला त्यांत प्रमुख स्थान दिले आहे. भविष्याची चिंता करावी की नाही, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तरही मोठे व्यवहारी आहे. त्याच्या मते प्रत्येक ऋतूची आपापली काळजी असते. उन्हाळ्यात कापणीची काळजी योग्य आणि द्राक्षांच्या तोडणीची काळजी तोडणीच्या ऋतूत योग्य. तोडणीची काळजी उन्हाळ्यातच वाहत बसणे मात्र व्यर्थ. या न्यायाने प्रवासाच्या आदल्या रात्री गाड्यांच्या वेळा पाहणे हे विवेकाचे काम ठरते. कसलीही आखणी न करता निघणारा माणूस परमेश्वरावर अधिक विश्वास ठेवतो, असे नव्हे. बहुधा तो आपला भार सोबतच्या माणसांवर टाकतो.

तेव्हा आखणी करावी, यात वाद नाही. आखणी कशी करावी, हा खरा प्रश्न. तो उलगडण्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक प्रवास पुन्हा पाहू.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस, त्याला पाहून बाजूने निघून गेलेले याजक व लेवी, आणि थांबलेला परका शोमरोनी. आपण या कथेत दया पाहतो, आणि ती आहेच. परंतु तो शोमरोनीही प्रवासीच होता, त्यालाही कोठे तरी पोहोचायचे होते, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, वाहन होते, वरखर्चाला पैसे होते आणि एक रात्र मुक्काम करण्याइतकी सवड होती. त्याची आखणी काठोकाठ भरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पुढे निघालाही. जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाच्या हवाली करून, दोन दिनार देऊन आणि उरलेला खर्च परत येताना भागवण्याचे वचन देऊन त्याने आपला प्रवास चालू ठेवला. याजक आणि लेवी का थांबले नाहीत, हे कथा सांगत नाही. आपण त्यांना कठोर हृदयाचे ठरवून मोकळे होतो. कदाचित ते फक्त वेळेवर पोहोचण्याच्या विवंचनेत असतील.

ही शंका १९७०च्या दशकात अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांच्याही मनात आली. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला आणि त्याचा निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक विद्यार्थ्याला एक छोटे भाषण करण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवण्यात आले. काहींचा विषय होता धर्मशिक्षितांसाठी असलेल्या नोकऱ्या, तर काहींचा विषय चक्क चांगल्या शोमरोन्याची कथा. निघताना कोणाला सांगितले की अजून भरपूर वेळ आहे, कोणाला सांगितले की वेळ झालीच आहे, आणि कोणाला सांगितले की तुम्हांला उशीर झाला आहे, मंडळी खोळंबली आहेत. वाटेत एका दाराशी एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थातच मुद्दाम बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि फार घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्के. शोमरोन्याच्या कथेवर बोलायला निघालो आहोत, या जाणिवेने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

चाळीस विद्यार्थ्यांवरून मनुष्यस्वभावाचा नियम बांधू नये, हे खरे. त्या विद्यार्थ्यांना निष्ठुर म्हणणेही अन्यायाचे होईल. अभ्यासकांनीच नमूद केले आहे की घाईत निघून गेलेल्यांपैकी काहीजण भाषणाच्या जागी पोहोचले तेव्हा अस्वस्थ झालेले होते. ते ज्याच्यासाठी धावत होते, तोही त्यांची वाट पाहणारा माणूसच होता. एका माणसाला दिलेला शब्द आणि दुसऱ्या माणसाची वेदना यांच्या कात्रीत ते सापडले होते. तरीही आपल्याला अंतर्मुख करणारा मुद्दा उरतोच. आपण ज्याला आपला स्वभाव म्हणतो, दयाळूपणा म्हणतो, तो कित्येकदा आपल्या हाताशी उरलेल्या मिनिटांवर अवलंबून असतो.

आणि ही मिनिटे कोठून येतात? ती आदल्या रात्रीच्या आखणीतून येतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मावळातील एका तरुणाला मुंबईत फोर्टमधील एका कचेरीत सकाळी अकराला मुलाखतीसाठी बोलावले आहे. डेक्कन क्वीन वेळापत्रकाप्रमाणे सकाळी दहा पंचवीसला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. लोणावळ्याला ती पकडली की झाले. पस्तीस मिनिटांत कचेरी गाठता येईल. आखणी चोख आहे. गाडी दहा मिनिटे उशिरा पोहोचते आणि फलाटावर हातात रुग्णालयाची जाड फाइल घेतलेली एक वृद्ध बाई त्याला विचारते, “बाळा, दादर गेलं का रे? मला टाटा हॉस्पिटलला जायचं होतं.” दादर केव्हाच मागे पडलेले असते. तिला लोकलच्या फलाटापर्यंत न्यावे, गाडीत बसवून द्यावे, सोबतच्या कोणाला तरी सांगून ठेवावे, एवढेच काम. दहा मिनिटांचे. “दादर मागे राहिलं, आजी,” एवढे बोलून तो पळत सुटतो. त्या तरुणाने दुष्टपणा केला नाही. त्याने आदल्या रात्री फक्त गणित केले होते, आणि त्या गणितात दुसऱ्या माणसासाठी एकही मिनिट धरलेले नव्हते. फलाटावर त्याच्यापुढे निवड करण्याजोगे काही उरलेच नव्हते. निवड झाली होती ती आधीची गाडी नको, पहाटे उठावे लागेल, असे ठरवताना.

गंमत अशी, की ज्या रेल्वेच्या काटेकोरपणावर विसंबून आपण अशी काठोकाठ आखणी करतो, ती रेल्वे स्वतः तशी आखणी करीत नाही. तिच्या वेळापत्रकात रुळांची दुरुस्ती, मंद वेगाचे टापू, समोरच्या गाडीसाठी थांबणे यांकरिता काही मिनिटे जादा धरलेली असतात. बोरघाट चढताना बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. लोणावळ्यापर्यंत ती गाडीला रेटा देतात आणि तेथे सुटी होतात. तिकिटावर त्यांचा उल्लेख नसतो, परंतु त्यांच्याविना चढ चढला जात नाही. घाट उतरताना गाड्या थांबवून ब्रेक तपासले जातात. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून चढावर नेऊन थांबवण्यासाठी आडमार्ग काढून ठेवलेले आहेत. हे आडमार्ग वर्षानुवर्षे रिकामे राहतात. ते रिकामे राहिले म्हणून वाया गेले, असे कोणी अभियंता म्हणणार नाही.

हीच दृष्टी मावळच्या माणसांनी मुंबईत नेऊन दाखवली आहे. मुंबईचे डबेवाले बहुसंख्येने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास सुरू केलेल्या या कामाच्या वक्तशीरपणाचे कौतुक परदेशी विद्यापीठांतही झाले. लोकल स्थानकावर जेमतेम अर्धे मिनिट थांबते आणि तेवढ्यात डबे चढवायचे असतात. हे साधते कसे? डब्यांवरच्या खुणा, सवय आणि शिस्त ही कारणे तर आहेतच. परंतु प्रत्येक टोळीत एक-दोन माणसे जादा ठेवलेली असतात, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कोणी आजारी पडला, कोणाची सायकल मोडली, तर त्याचे डबे उचलायला दुसरा तयार असतो. नफ्याच्याच चष्म्यातून पाहणाऱ्याला ती माणसे अनावश्यक वाटतील. त्यांच्यामुळेच बाकीच्यांचा शब्द खरा ठरतो.

सवड ठेवणे हा आळस नव्हे, हे एवढ्यावरून पटावे. तरीही या विचारावर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. सवड ही सुखवस्तू लोकांची चैन नव्हे काय? रोजंदारीवर जगणाऱ्याने एक गाडी आधी निघणे म्हणजे कधी कधी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणे असते. त्याला आम्ही सवडीचा उपदेश करावा काय?

या आक्षेपाचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. गरिबाजवळ वाट पाहणे पुष्कळ असते, सवड मात्र नसते. नवलाख उंबऱ्याहून परळच्या रुग्णालयात दहाची वेळ गाठायची, तर रुग्णाला घेऊन पहाटेच्या अंधारात घर सोडावे लागते, किंवा आदल्या दिवशीच जाऊन रात्र कोठे तरी काढावी लागते. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर रात्री काढणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग मुंबईकरांनी पाहिलेले आहेत. ती माणसे चार-चार तास आधी पोहोचलेली असतात, पण ते तास त्यांनी राखलेले नसतात. ते त्यांच्यावर लादलेले असतात. दुसऱ्याच्या वेळापत्रकाने त्यांच्या आयुष्यातून कापून घेतलेले ते तास होत. म्हणून सवड राखण्याचे कर्तव्य सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याच्या हाती वेळ ठरवण्याची सत्ता आहे, त्याच्यावर ते अधिक पडते. दूरच्या माणसाला सकाळी दहाला बोलावून दुपारी “उद्या या” म्हणणारा अधिकारी, शेवटची लोकल केव्हा जाते हे न विचारता संध्याकाळी उशिरा सभा लावणारी संस्था, धर्मग्रामातील वाडीवस्तीचा विचार न करता मुलांच्या धर्मशिक्षणाचे वर्ग ठरवणारे आपण स्वतः, या सर्वांची आखणी ही नीतीचीच बाब आहे. वेळ सांगण्यापूर्वी ‘तुम्ही कोठून येणार?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी बराच अन्याय टळतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. सावधगिरीला अंत कोठे? सवडीच्या नावाखाली माणूस दुसऱ्याचे नुकसानही करू शकतो. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे आरक्षण. एखादे कुटुंब बेत नक्की नसताना दोन वेगवेगळ्या दिवसांची तिकिटे काढून ठेवते. एक वापरायचे, दुसरे शेवटच्या घटकेला रद्द करायचे. थोडे पैसे कापले जातात, ते त्यांना परवडते. त्यांच्या दृष्टीने ही दूरदृष्टीच. परंतु त्या रिकाम्या ठेवलेल्या जागांपायी प्रतीक्षायादीतल्या कोणी तरी आपला प्रवास रद्द केलेला असतो, आणि तो कोण हे त्या कुटुंबाला कधीच कळत नाही. आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्याचा निर्णय १ नोव्हेंबर २०२४ पासून अमलात आला. फार आधी काढलेल्या तिकिटांपैकी पुष्कळशी पुढे रद्द होतात, हे त्यामागचे एक कारण रेल्वेने दिले होते.

येथे सवडीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक सवड आपण आपल्या वाट्याच्या वेळेतून, झोपेतून, सोयीतून काढतो. दुसरी दुसऱ्याच्या वाट्यातून काढून घेतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हींना सावधपणा असेच नाव मिळते. पहिली सवड आपल्याला वाटेत थांबायला मोकळे करते. दुसरी सवड कोणाला तरी उंबरठ्याच्या आतच थांबवून ठेवते. शोमरोन्याने जखमी माणसावर खर्च केलेले दिनार त्याच्या स्वतःच्या कमरेचे होते, हे येथे आठवावे.

पहिल्या प्रकारच्या सवडीलाही मर्यादा आहे. वाटेत भेटेल त्या प्रत्येकासाठी आपला दिवस मोडणारा माणूस ज्यांना शब्द देऊन आला आहे त्यांच्याशी खोटा ठरतो. उशिरा येणे हीही एक प्रकारची चोरीच, कारण वाट पाहणाऱ्याचा वेळ आपण त्याला न विचारता खर्च करतो. शोमरोनी उतारशाळेत महिनाभर राहिला नाही. जे त्याला करता येण्यासारखे होते ते त्याने केले, उरलेले काम योग्य माणसाकडे सोपवले, त्याचा मोबदला दिला आणि आपली वाट धरली. चांगल्या आखणीत दोन्हींना जागा असते: दिलेल्या शब्दाला आणि न बोलावता समोर आलेल्या माणसाला.

एवढे करूनही सगळे आपल्या हाती येत नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. बोरघाटाकडे येणाऱ्या याच मार्गावरची ही गाडी. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल यांच्याबरोबर आसपासच्या गावांतील लोकही मदतीला धावले होते. त्या ग्रामस्थांच्या त्या दिवसाच्या आखणीत अनोळखी हजार माणसे नव्हती. शेत होते, नोकरी होती, घरात शिरलेले पाणीही असेल. त्यांनी ते बाजूला ठेवले. आणि मार्च २०२० मध्ये तर देशभरातील प्रवासी गाड्याच थांबल्या. सर्वांचे बेत एकाच दिवशी मोडले. याकोबाने व्यापाऱ्यांना दिलेला इशारा तेव्हा प्रत्येक घराने अनुभवला. अशा प्रसंगी ज्यांची आखणी आधीपासून थोडी सैल होती, त्यांना ती मोडताना कमी जाचले आणि दुसऱ्यांकडे पाहायला त्यांच्यापाशी थोडे मन उरले.

मोकळी ठेवलेली मिनिटे बहुधा मोकळीच जातात, हेही येथे सांगितले पाहिजे. दहा प्रवासांपैकी नऊ प्रवासांत फलाटावर कोणी आजी वाट विचारीत नाही. आपण लवकर पोहोचतो, बाकावर बसून चहा घेतो आणि उगाच लवकर उठलो असे मनाशी म्हणतो. परंतु दहावा प्रवास कोणता, हे आदल्या रात्री कळत नसते. घाटातला आडमार्ग जसा गाडी यायच्या आधी बांधलेला असावा लागतो, तशीच ही सवडही. गरज दिसल्यावर ती निर्माण करता येत नाही.

आपल्या कुटुंबांत मुले आता प्रवासाला एकटी निघू लागली आहेत. कोणी पुण्याला शिकायला, कोणी मुंबईला परीक्षेला, नोकरीला. आपण त्यांना पैसे, डबा, पाण्याची बाटली देतो. पाकीट सांभाळ, पोहोचल्यावर फोन कर, असे बजावतो. सगळ्यांशी नीट वाग, असेही सांगतो. या शेवटच्या उपदेशाला अर्थ यायचा असेल, तर मुलांबरोबर बसून गाडी ठरवताना दोन प्रश्न विचारावेत: या आखणीत कोणासाठी दहा मिनिटे थांबता येईल का? आणि ही दहा मिनिटे आपण कोणाच्या वाट्यातून घेतली? त्यासाठी एक गाडी आधी निघावे लागेल आणि झोप अर्धा तास कमी मिळेल. आपल्यापैकी बहुतेक घरांना एवढी किंमत परवडण्यासारखी आहे.